वैद्यकीय महाविद्यालयापूर्वीचा अभ्यासक्रम आणि आदिलाबादचे मराठी विद्यार्थी

दहावीचा निकाल लागला की आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनथ, तांसी, बोथ या भागांतील मराठी भाषिक घरांत एक विचार हमखास निघतो. मुलीला किंवा मुलाला डॉक्टर व्हावयाचे आहे. तर पुढे कोणते विषय घ्यावयाचे, ते कोठे घ्यावयाचे, आणि वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी एखादी पदवी मिळवावी लागते काय? यांपैकी पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दुसरा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु तेथे झालेली चूक पुढे कोणत्याही गुणांनी भरून निघत नाही.

प्रथम पदवीविषयी. भारतात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी पदवी आवश्यक नाही. बारावी, म्हणजे तेलंगणातील दोन वर्षांचा इंटरमीडिएट अभ्यासक्रम, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांसह उत्तीर्ण होणे आणि राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेत, जिला सर्वत्र 'नीट' म्हणतात, पात्र ठरणे, या दोन मुख्य अटी होत. त्यानंतर साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता, असा साडेपाच वर्षांचा हा मार्ग आहे.

ही व्यवस्था सर्व देशांत नाही. अमेरिकेत विद्यार्थ्याला आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि त्या चार वर्षांत जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन व भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेच्या कामासह पुरे करावे लागतात. तेथील वैद्यकीय प्रवेश परीक्षेत २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही समावेश झाला आहे. मात्र तेथेही पूर्वी असे नव्हते. १८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात विज्ञानाचे शिक्षण घेतलेले नव्हते; तरीही त्यांना प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील प्रसिद्ध अहवाल निघाला व पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांचा महाविद्यालयीन पाया असल्याशिवाय वैद्यक शिकवू नये, हा विचार तेथे रूढ झाला. भारतात तोच पाया इंटर सायन्सच्या वर्गांत घातला जाई. महाराष्ट्रातील ज्येष्ठ डॉक्टर आजही 'इंटरला बी ग्रुप होता' असे सांगतात, ते याच व्यवस्थेविषयी. मॅट्रिकनंतर दोन वर्षे महाविद्यालयात काढून, इंटरच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि तो अभ्यास अकरावी-बारावीत उतरला. आंध्र प्रदेशात इंटरमीडिएट हे नाव कायम राहिले व तेलंगणातही तेच चालू आहे.

इंटरमीडिएटमध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी जो गट घ्यावा लागतो, त्यास बायपीसी म्हणतात. महाराष्ट्रात जीवशास्त्र हा एकच विषय असतो. तेलंगणात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र असे दोन स्वतंत्र विषय असतात व दोहोंची परीक्षा वेगळी होते. गणिताचा एमपीसी गट घेतलेल्या विद्यार्थ्याला पूर्वी वैद्यकाचे दार बंद होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या सूचनेनुसार बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण होणाऱ्यासही नीट देता येते. ही सवलत उपयुक्त आहे. परंतु ज्याचे मन दहावीतच ठरले आहे, त्याने आडवाटेने जाण्याचे कारण नाही.

इंग्रजीकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. नीटमध्ये इंग्रजीचा प्रश्न नसतो, म्हणून तो विषय केवळ नावापुरता समजला जातो. वस्तुतः इंटरला इंग्रजीत उत्तीर्ण होणे ही पात्रतेचीच अट आहे. नीटमध्ये कितीही गुण असले, तरी ती अट सुटत नाही.

नीटची रचना समजली म्हणजे कोणत्या विषयास किती वेळ द्यावा, हेही उमगते. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न व १८० मिनिटे होती. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. एकूण गुण ७२०. अर्धे गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. ग्रामीण विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या गणितांना भिऊन वर्षभर तेच घोकत बसतो आणि पाठ्यपुस्तकातील वनस्पतिशास्त्र शेवटच्या महिन्यावर टाकतो. शिक्षकांनी ही गोष्ट वेळीच लक्षात आणून द्यावी.

इंटरनंतर बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्यांचे काय? त्यांचाही मार्ग खुला आहे. नीटला वरची वयोमर्यादा २०२२ पासून राहिलेली नाही व किती वेळा बसावे, यालाही बंधन नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह घेऊन विद्यापीठाची परीक्षा दिलेले, तसेच यांपैकी किमान दोन विषयांसह बी.एस्सी. झालेले विद्यार्थी पात्रतेच्या स्वतंत्र प्रकारांत मोडतात. मात्र त्याआधीची परीक्षा तिन्ही शास्त्रे व इंग्रजीसह उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. बी.एस्सी.च्या गुणांमुळे प्रवेशक्रमात काही वाढ होत नाही. हे वर्ष म्हणजे अधिक तयारीचा काळ व पाठीशी एक पदवी, एवढाच त्याचा अर्थ.

आता भाषेचा प्रश्न. आदिलाबादमधील मराठी मुलाच्या कानावर घरी मराठी, बाजारात तेलुगू व दखनी उर्दू, आणि शेजारच्या गुड्यावर गोंडी पडत असते. या जिल्ह्यात शिक्षणाची भाषा हा जुना विषय आहे. १९४० च्या दशकात मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने गोंडांसाठी शाळा व शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली होती. त्याच काळात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकासह उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई.

मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल इंटरच्या वर्गात बसते, तेव्हा विज्ञानाची परिभाषा इंग्रजी होते आणि समजावून सांगणारा अध्यापक बहुधा तेलुगूचा आधार घेतो. येथे एक गमतीचा पण घातक घोटाळा संभवतो. मराठीत ज्यास 'अणू' म्हणतात, त्यास तेलुगूत 'परमाणुवु' म्हणतात. आणि तेलुगूतील 'अणुवु' म्हणजे मराठीतील 'रेणू'. मराठीत 'कण' म्हणजे पदार्थाचा सूक्ष्म अंश. तेलुगू जीवशास्त्रात 'कणम' म्हणजे पेशी आणि 'कणजालम' म्हणजे ऊती. मराठी पुस्तकातील प्रकाशसंश्लेषण तेलुगूत 'किरणजन्य संयोगक्रिया' होते. शब्द संस्कृतचेच, कानाला ओळखीचे. म्हणूनच विद्यार्थ्यास आपली चूक कळत नाही. वर्गात 'अणुवु' ऐकून तो अणूचे चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि पुढे संयुगांचे समीकरण त्याला जुळत नाही. दहावी-अकरावीच्या मधल्या सुट्टीत मराठी, तेलुगू व इंग्रजी अशी तीन रकान्यांची शब्दसूची वहीत तयार करणे, हा यावर साधा उपाय आहे. अशी दोनशे शब्दांची वही मराठी शाळेतील विज्ञानशिक्षक एका आठवड्यात करून देऊ शकतील.

नीट तेरा भाषांत होते व त्यांत मराठी आहे, हे ऐकून पालकांना दिलासा वाटतो. परंतु माहितीपत्रकातील नियम बारकाईने वाचावा लागतो. मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. तेलंगणातील केंद्रांवर इंग्रजी, हिंदी, उर्दू व तेलुगू हे पर्याय असतात. आदिलाबादच्या विद्यार्थ्याला मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल, तर त्याने अर्ज भरतानाच पैनगंगेपलीकडचे केंद्र मागितले पाहिजे. प्रादेशिक भाषेच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूरही दिलेला असतो आणि भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतांशी इंग्रजीतूनच शिकवले जाते. तेव्हा दोन वर्षे इंग्रजी पुस्तके वाचून परीक्षेच्या दिवशी प्रथमच मराठी पारिभाषिक शब्दांशी गाठ घालण्यापेक्षा इंग्रजी प्रश्नपत्रिका घेणे बहुतेकांना सोयीचे ठरेल. मातृभाषेचा उपयोग समजून घेण्यासाठी करावा. त्यासाठी केंद्र बदलण्याची आवश्यकता नाही.

आणि आता तो दुसरा प्रश्न : अभ्यास कोठे करावा? आदिलाबादेतील अनेक मराठी कुटुंबांचे नातेसंबंध किनवट, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर येथे आहेत. १९५६ पूर्वी किनवट व राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होते, तर मुधोळ नांदेडमध्ये होते. सीमा आखली गेली तरी सोयरीक तुटली नाही. त्यामुळे दहावी आदिलाबादला करून अकरावी-बारावीसाठी मुलाला मामाकडे नांदेडला किंवा खासगी वर्गांसाठी लातूरला पाठवावे, असा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी सहज देतात. या सल्ल्याचा परिणाम काय होतो, ते पाहावे.

तेलंगणातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या जागा मुख्यतः स्थानिक उमेदवारांसाठी असतात. १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून हे तत्त्व या प्रदेशात चालत आले आहे. जुलै २०२४ मध्ये तेलंगण शासनाने केलेल्या नियमानुसार स्थानिक ठरण्यासाठी नववी ते बारावी अशी सलग चार वर्षे तेलंगणात शिक्षण झालेले असले पाहिजे आणि बारावीची परीक्षा तेथूनच उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यात आली; सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी तो कायम ठेवला. शासकीय सेवेमुळे बाहेर राहावे लागलेल्या काही पालकांच्या मुलांसाठी सवलत आहे; शेतकरी वा व्यापारी पालकांसाठी नाही.

पैनगंगेच्या पलीकडे दुसरा नियम आहे. महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागांसाठी उमेदवार महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो आणि सामान्यतः दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. म्हणजे दहावी आदिलाबादची व बारावी लातूरची, असा विद्यार्थी तेलंगणात स्थानिक राहत नाही आणि महाराष्ट्रातही होत नाही. त्याच्यासाठी शासकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि खासगी संस्थांतील महागड्या जागा एवढेच उरते. दोन वर्षांच्या खासगी वर्गांसाठी फार मोठी किंमत मोजली जाते आणि ती किंमत शुल्काच्या पावतीवर दिसत नाही.

एके काळी बाहेर पाठवण्यामागे कारण होते. आदिलाबादेत राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था २००८ साली सुरू होईपर्यंत जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. नांदेड व यवतमाळ जवळ, वरंगळ व हैदराबाद दूर. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यानंतर २०२२ मध्ये मंचिर्याल येथे आणि २०२३ मध्ये निर्मल व कुमरम भीम आसिफाबाद येथे शासकीय महाविद्यालये निघाली. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या हद्दीत आता चार शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा वेळी स्थानिकत्व गमावणे अधिकच महाग पडते.

केरामेरी व जिवती यांच्या दरम्यानच्या ज्या १४ गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तेथील पालकांनी तर या बाबतीत विशेष दक्ष असावे. परमडोली, मुकदमगुडा अशा गावांतील मुलाचे नाव कोणत्या राज्याच्या शाळेच्या पटावर आहे, यावर त्याचा पुढील हक्क अवलंबून राहतो. नववीनंतर शाळा बदलून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे तेथे चार पावलांचे काम आहे. नियमाच्या दृष्टीने ते फार मोठे अंतर आहे. जातीच्या दाखल्याचेही असेच. लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे, तर तोच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. नदी ओलांडली की प्रवर्गही बदलतो.

तेलंगणातील जागांचे वाटप वरंगळ येथील काळोजी नारायणराव आरोग्य विज्ञान विद्यापीठ करते. ज्या कवीचे नाव या विद्यापीठास दिले आहे, त्यांचे वडील मराठी भाषिक होते, ही माहिती आदिलाबादेतील पुष्कळ मराठी कुटुंबांस नसेल. नीटचा अर्ज व विद्यापीठाकडील नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नीटचा निकाल लागल्यावर विद्यापीठाची सूचना निघते व नोंदणीसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या वेळी नववी, दहावी व इंटरची दोन्ही वर्षे यांचे शिक्षण-दाखले, जन्मतारखेचा पुरावा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे हाताशी लागतात. नीट मे महिन्यात होते आणि तेव्हा शाळांना सुट्टी असते. मुख्याध्यापक गावी नसतात. नववी-दहावीचे दाखले इंटरच्या पहिल्या वर्षीच काढून ठेवावेत. शाळेचे नाव बदलले असेल किंवा ती दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल, तर तसा उल्लेख दाखल्यावर करून घ्यावा, आणि दाखल्यांवरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते की नाही, हे मंडल कार्यालयात जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.