उल्हासच्या खोऱ्यातील दगड आणि पाणी

खाण म्हटली की सोने, लोखंड, कोळसा असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. कुळगाव-बदलापूरच्या आसमंतात यांपैकी काहीच सापडत नाही. त्याचे कारण आपल्या डोंगरांच्या जन्मातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वर आला, थरावर थर निवत गेले आणि त्यांचा काळा कातळ बनला. हा कातळ हेच आपले खनिजधन. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी याच काळ्या दगडातून उभे राहिले. आपल्या घरांची खडीही डोंगर फोडूनच येते.

या कातळाचा दुसरा गुण मात्र आपल्याला जाचक आहे. तो पाणी फारसे मुरू देत नाही. आषाढ-श्रावणात कोसळलेले पाणी पाहता पाहता वसईच्या खाडीला मिळते, आणि दिवाळी सरली की ओढे आटू लागतात. असे असता उल्हास नदी ऐन वैशाखातही वाहते, ती कशी?

याचे उत्तर घाटमाथ्यावर, मावळात आहे. तेथील आंध्रा नदी स्वभावतः पूर्ववाहिनी. तिचे पाणी इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागराला जावयाचे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी ठोकरवाडी येथे ते अडविले गेले आणि डोंगर पोखरून पश्चिमेकडे वळविले गेले. पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरून ते भिवपुरीच्या वीजघरातील चक्रे फिरविते. ही वीज १९२२ पासून मिळू लागली. वीज देऊन मोकळे झालेले पाणी राजनाल्याच्या कालव्याने कर्जतकडील उन्हाळी भात पिकविते आणि पेज नदीतून उल्हासला येऊन मिळते. पुढे १९७२ साली बांधलेल्या बारवी धरणाच्या पाण्याची तीत भर पडते. बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरे या प्रवाहावर तहान भागवितात.

म्हणजे आपल्या घागरीत मावळातील पाऊसही असतो. हा ठेवा कोणाच्या तरी त्यागातून आला आहे, हे विसरता कामा नये. अशाच योजनेसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह झाला व सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. बारवीच्या जलाशयासाठीही गावे उठली. वळविलेले पाणी भीमेच्या खोऱ्याला परत द्यावे, अशी मागणी तिकडील अवर्षणग्रस्त भागातून होत आली आहे. तिचा निर्णय काहीही लागो, त्या पाण्याची उधळपट्टी करण्याचा वा त्यात सांडपाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला खासच नाही. वालधुनीची आज झालेली दशा आपल्या डोळ्यांसमोर आहे. फोडलेला डोंगर पुन्हा उभा राहत नाही. नदीचे मात्र तसे नाही. पाऊस तिला दरवर्षी नव्याने भरतो. तिला स्वच्छ वाहू देणे एवढेच आपल्याकडे उरते.