दोन 'कास्ट', दोन 'सूटर' : सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या वेगळ्या वाटा

शिष्यवृत्तीचा किंवा नोकरीचा इंग्रजी अर्ज भरताना आपली अनेक मुले 'कास्ट' या शब्दाचा शेवटचा 'ई' गाळतात. उच्चार तोच राहतो, अर्थ मात्र बदलतो. ई नसलेला कास्ट म्हणजे फेकणे, साच्यात ओतणे किंवा सिनेमातील पात्रे. तो जुन्या नॉर्स भाषेतील 'फेकणे' या क्रियापदातून आला. ई असलेला कास्ट म्हणजे जात. तो पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला, म्हणजे वंश, कूळ. जनावरांच्या पैदाशीलाही पोर्तुगीज हाच शब्द वापरतात. भारतात आल्यावर त्यांनी तो इथल्या जातींना लावला आणि पुढे इंग्रजांनी उचलला. गंमत म्हणजे पूर्वी खुद्द इंग्रजही तो ई न लावताच लिहीत!

आडनावांतही अशीच फसगत होते. 'राइट' आडनावाचा लिहिण्याशी संबंध नाही. त्यातला जुना शब्द 'घडवणारा कारागीर' या अर्थाचा आहे. विमान उडवणारे राइट बंधू आधी सायकली बनवत, म्हणजे नाव सार्थच.

'बार्कर' ऐकून भुंकणारा कुत्रा आठवतो. पण इंग्रजीत भुंकण्याला आणि झाडाच्या सालीला एकच शब्द असला तरी दोन्हींची मुळे निराळी. बार्कर हा सालवाला. ओकची साल वापरून कातडी कमावणारा, जसे आपल्याकडे बाभळीची साल वापरून कमावत. (काही बार्कर घराण्यांचे नाव मेंढपाळावरूनही आले आहे.) टॅनर, स्किनर ही आडनावेही कातड्याच्याच धंद्यातली.

आणि सूटर. लग्नाची मागणी घालणाऱ्यालाही इंग्रजीत सूटर म्हणतात. तो शब्द 'मागे जाणे' या लॅटिन क्रियापदातला. आडनावातला सूटर मात्र चपला-जोडे शिवणारा. स्कॉटलंडमध्ये चांभाराला हाच शब्द होता. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'शिवणे' हे क्रियापद आहे आणि आपले मराठी 'शिवणे' त्याचेच दूरचे भावंड.

डेव्हिड सूटर हे 1990 ते 2009 अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. युरोपातही कातडी कमावणाऱ्यांना दुर्गंधीमुळे वस्तीच्या कडेला ठेवत. पण तिथे धंदा सुटला की आडनावात फक्त त्याची खूण उरली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धंदा सुटलेल्या माणसालाही अजून विचारतात, "पूर्ण नाव काय म्हणालात?"