बारा एकर आणि बहिणीची सही

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत एका शेतकऱ्याची 12 एकर जमीन आहे, असं धरू. तो वारला. आईवडील आधीच गेलेले; मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मृत्युपत्र नाही. घर हिंदू असेल तर चौघांना प्रत्येकी 3 एकर. जमीन वडिलोपार्जित असली, तरी या घरात आकडा तोच येतो. घर सुन्नी मुसलमानाचं असेल तर आधी बायकोचा आठवा हिस्सा, दीड एकर. उरलेल्यातून प्रत्येक मुलाला 4 एकर 8 गुंठे, मुलीला 2 एकर 4 गुंठे.

मुलगी भावाच्या निम्म्यावर, हे मला पटत नाही. पण मृत्युपत्राची बाजूही पाहा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 प्रमाणे बाप आपला सगळा हिस्सा एकट्या मुलाला लिहून देऊ शकतो. मुसलमान बापाला मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. वारसाला द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस करून मात्र तो ही मर्यादा टाळू शकतो.

महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट नाही. त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली स्पष्ट केलं.

एवढं मिळूनही वाटा सुटतो तो घरातच. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला की भाऊ हक्कसोडपत्राचं बोलणं काढतात. “ताई, सही कर, माहेर तुटायला नको.” मुसलमान घरातल्या आपालाही हेच ऐकवलं जातं. साडीचोळी होते आणि दुय्यम निबंधकाकडे अंगठा उमटतो. आयुष्यभराच्या आधाराची ही किंमत फार क्रूर आहे.

बायांनी एक फरक नीट ओळखावा. फेरफारात नाव राहून गेलं, म्हणून हक्क जात नाही. ती नोंद महसुलासाठी असते, दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावता येतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मोडायचं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि तो कळल्यापासून मुदत 3 वर्षांचीच.