पेट्रोलचा हिशेब आणि विहिरीचे पाणी

नांदेडहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग अर्धापूरवरून पुढे जातो. इसापूर धरणाच्या कालव्याने या परिसरातील केळीच्या बागा वाढविल्या. परंतु कालव्याचे पाणी पाळीने येते आणि पाळी लांबली की शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवर व बोअरवर असते. त्याच रस्त्याच्या कडेने, शेतांना लागून, पेट्रोल पंप उभे आहेत. पंपाचे यंत्र आणि त्यावर धावणारे आकडे सर्वांना दिसतात. त्याखाली पुरलेल्या हजारो लिटरच्या पोलादी टाक्या आणि त्यांना जोडणारे नळ कोणालाच दिसत नाहीत. पोलाद गंजते, सांधे सैल होतात. यात कोणाचा अप्रामाणिकपणा असावा लागत नाही. तो धातूचा धर्मच आहे. टाकी गळू लागल्याची वार्ता प्रथम कोणाला कळते, हा खरा प्रश्न होय. सध्याच्या व्यवस्थेत ती बहुधा शेजारच्या विहिरीला कळण्याचा संभव अधिक, आणि तीही फार उशिरा.

२०२१ साली सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील सासवड येथे चोरांनी पेट्रोलची भूमिगत वाहिनी फोडण्याचा प्रयत्न केला आणि गळलेले पेट्रोल जवळपासच्या विहिरींत उतरले. तेथे चोर होते, म्हणून पोलीस आले आणि बातमीही झाली. टाकीच्या गळतीत चोर नसतो. सेकंदाला एक थेंब याप्रमाणे टाकी गळू लागली तर दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर पेट्रोल मातीत जाते. पंपचालक टाकीत मोजपट्टी सोडून रोजचा साठा पाहतो आणि विक्रीशी त्याचा मेळ घालतो हे खरे. पण दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले, तरी त्याच्या घनफळात दहा-बारा लिटरांचा फरक पडतो. त्या चढउतारात चार लिटर कोठे शोधावयाचे? ज्या तुटीला हिशेबवहीत ‘नेहमीची घट’ म्हणून जागा मिळते, तिचा शोध घेण्याची निकड व्यापाराला वाटत नाही.

कायद्याचीही अडचण याच जातीची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून पन्नास मीटर अंतर राखण्याची अट त्यांत आहे आणि १६५ लिटरांहून अधिक इंधन सांडल्यास ते कळविण्याचे बंधनही आहे. सूचना स्वागतार्हच आहेत. मात्र थेंबाथेंबाने होणारी गळती ही ‘घटना’ नसते. १६५ लिटरांचा आकडा ती सव्वा महिन्यात ओलांडते. पण ओलांडली हे सांगणार कोण?

यात पणाला काय लागले आहे, हे आकड्यांतच पाहावे. पेट्रोलमध्ये बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य असते. आपल्याकडील मानकानुसार ते एक टक्क्यापर्यंत चालते. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली त्याची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग आहे. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन पूर्णपणे विरघळल्यास आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. बेंझीनची चव जिभेला कळेपर्यंत त्याचे प्रमाण मर्यादेच्या किमान पन्नासपट झालेले असते. तेव्हा ‘पाण्याला वास नाही, मग भीती कसली’ हा दिलासा फसवा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने त्यात आणखी एक गुंतागुंत आणली आहे. जमिनीतील जीवाणू आधी इथेनॉल फस्त करतात, बेंझीनकडे उशिरा वळतात आणि तोवर ते अधिक दूर पसरते, असे संशोधकांना आढळले आहे.

मराठवाड्याच्या भूमीचा स्वभावही येथे विचारात घेतला पाहिजे. वाळूच्या थरांत दूषित पाणी कोणत्या दिशेने सरकेल याचा अंदाज बांधता येतो. आपला काळा पाषाण निराळा. त्यात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहते. टाकीपासून वीस मीटरवरची विहीर निर्मळ राहील आणि दोनशे मीटरवरची दूषित होईल, हे अशक्य नाही. उन्हाळ्यात शेतकरी उपसा वाढवितो तेव्हा भेगेतले पाणी त्याच्या विहिरीकडे ओढले जाते.

वजनमापे खाते ग्राहकाला लिटर पुरा मिळतो की नाही ते पाहते, स्फोटक पदार्थांचे खाते आगीचा धोका पाहते, भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने भूगर्भातील पाण्यालाही संरक्षण दिले आहे. पण गावच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू पाहिले जातात. बेंझीनसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हे निराळे यंत्र लागते आणि कोणी मागितल्याखेरीज ती तपासणी होत नाही.

अमेरिकेने हा धडा महाग किमतीत घेतला. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला पेट्रोलमधील एका मिश्रणद्रव्यामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा निम्मा पाणीपुरवठा गेला. त्याआधीच १९८६ मध्ये तेथे गळक्या टाक्यांसाठी निधी उभारण्यात आला होता. गॅलनमागे सेंटचा दहावा भाग एवढाच कर. आजच्या विनिमय दराने तो लिटरमागे दोन-अडीच पैसे होतो. नुकसान झाल्यानंतर भरपाई मागण्याचा मार्ग किती लांबतो, हे राजस्थानातील बिछडी गावाने दाखविले आहे. रासायनिक कारखान्यांनी तेथील विहिरी नासविल्या, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा असा निर्णय दिला आणि त्या रकमेसाठी त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला.

म्हणून खर्च आधीच इंधनाच्या किमतीत धरणे हा स्वस्त मार्ग आहे. सार्वजनिक तेल कंपन्यांच्या बहुतेक पंपांवर टाक्या कंपनीच्याच असतात. तेव्हा हा भार पंपचालकावर टाकण्याचे कारण नाही. प्रत्येक पंपाच्या आवारात दोन-तीन निरीक्षण बोअर आणि भोवतालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी, अशी नमुन्यांची यादी भूजल यंत्रणेने ठरवावी. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पातळी तळाला असताना आणि पावसाळा संपल्यावर, नमुना घ्यावा. बेंझीन लवकर उडून जाते. त्यामुळे बाटली हवेला जागा न ठेवता काठोकाठ भरावी आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवावी. आणि पंपाच्या दारात रोजचा दर ज्या फलकावर लिहिला जातो, त्याच फलकाच्या खालच्या ओळीत तपासणीचा निकाल तारखेसह लावावा.