चावी घेण्याआधी फायर एनओसी बघा

वांद्रे पूर्वेला एसआरए आणि म्हाडा या दोन्हींची मुख्य कार्यालये आहेत. मुंबईतल्या पुनर्वसनाच्या फायली इथूनच पुढे सरकतात. या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून आपल्या माणसांना आयओए, सीसी, ओसी हे शब्द पाठ झाले आहेत. पात्रता यादी, भाडे आणि कॉर्पस यांवर वस्तीच्या बैठकीत तासन् तास चर्चा होते. फायर एनओसीचा विषय निघाला की मात्र "ते बिल्डर बघेल" असे म्हणून सगळे पुढे जातात.

6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या उन्नत नगरमध्ये जय भवानी या एसआरए इमारतीला आग लागली. खाली पार्किंगमध्ये गाड्या होत्या, जुन्या कपड्यांची गाठोडी होती. सगळे झोपेत असताना धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला. किमान सात जणांचा जीव गेला आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. झोपडी सोडून पक्क्या घरात गेलेलीच ही माणसे होती. म्हणून हा विषय बिल्डरवर सोडून चालणार नाही.

एनओसी एक नाही, दोन

नियोजन प्राधिकरण महापालिका असो, एसआरए असो की म्हाडा, आगीसंबंधीची एनओसी मुंबई अग्निशमन दलाच्या प्रमुख अधिकाऱ्यांकडून येते. बिल्डरचा आर्किटेक्ट नकाशे सादर करतो. ते तपासून अग्निशमन दल पहिली, म्हणजे प्रोव्हिजनल एनओसी देते. तिच्यासोबत अटींची यादी असते.

इमारत उभी राहिल्यावर परवानाधारक एजन्सी यंत्रणा बसवल्याचे प्रमाणपत्र देते. त्याला फॉर्म ए म्हणतात. मग अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात आणि अटी पूर्ण झाल्या असतील तर अंतिम एनओसी देतात. ओसी त्यानंतरची पायरी आहे.

थोडक्यात, पहिली एनओसी नकाशाला मिळते आणि दुसरी उभ्या इमारतीला. "फायर एनओसी आली आहे" असे कोणी बैठकीत सांगितले, तर "कोणती?" हे लगेच विचारा.

अटींमध्ये काय बघायचे?

मुंबईच्या 2034 च्या विकास नियमावलीत 32 मीटरपेक्षा उंच इमारत हाय-राइज धरली जाते. साधारण दहा मजल्यांच्या वरची इमारत यात येते. पुनर्वसनाच्या बहुतेक नव्या इमारती याहून उंच आहेत. सामान्य रहिवाशाने निदान चार गोष्टी बघाव्यात.

पहिली, जिना. तो मोकळा हवा आणि त्यात धूर कोंडता कामा नये.

दुसरी, पाणी. आगीसाठी वेगळी टाकी, पंप आणि प्रत्येक मजल्यावर पाइपची जोडणी लागते. पंप चालू करून पाणी खरोखर येते का, ते बघा.

तिसरी, रेफ्यूज एरिया. हाय-राइज इमारतीत पहिला रेफ्यूज सुमारे 24 मीटर उंचीवर आणि पुढे दर सातव्या मजल्यावर असतो. खाली उतरता आले नाही तर सुटका होईपर्यंत इथे थांबायचे असते.

चौथी, इमारतीभोवतीची मोकळी जागा. 22 जुलै 2019 रोजी वांद्र्यातल्या एमटीएनएलच्या इमारतीला आग लागली, तेव्हा लोक गच्चीवर अडकले होते. अग्निशमन दलाने 84 जणांना बाहेर काढले, त्यात शिडीच्या गाड्यांचा मोठा वाटा होता. अशी गाडी उभी राहायला जागाच नसेल, तर शिडी कितीही उंच असून उपयोग नाही.

भाडे थकते तेव्हा

खरी अडचण इथे सुरू होते. बिल्डर भाडे देणे थांबवतो, मुलांच्या शाळा लांब पडतात, संक्रमण शिबिरात वर्षे जातात. अशा वेळी कोणी चावी पुढे केली, तर "ओसी नंतर येईल" या शब्दावर कुटुंबे राहायला जातात. याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. गरज माणसाला घाई करायला लावते.

पण या घाईची किंमत मोठी असते. परळच्या क्रिस्टल टॉवरला 22 ऑगस्ट 2018 रोजी आग लागली आणि चार जणांचा मृत्यू झाला. लोक तिथे कित्येक वर्षे राहत होते, पण इमारतीला ओसी नव्हती आणि आगीची यंत्रणा चालत नव्हती. म्हणून थकलेल्या भाड्याची तक्रार एसआरए किंवा म्हाडाकडे लेखी करा. भाड्याच्या बदल्यात अपुऱ्या इमारतीची चावी घेऊ नका.

चावीनंतर जबाबदारी आपली

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची, म्हणजे आपल्या सोसायटीची आहे. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी द्यावा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास नोटीस येते आणि वीज-पाणी तोडण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते.

पुनर्वसन सोसायट्यांकडे पैसा कमी असतो, हे खरे आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारीवरच वर्गणी संपते. तरीही काही कामांना पैसा लागत नाही. जिन्यातले चपलांचे स्टँड आणि जुने कपाट हलवा. रेफ्यूजमध्ये मंडपाचे सामान ठेवू नका. इलेक्ट्रिक डक्ट बंद ठेवा, त्यात कचरा टाकू नका. तळमजल्यावर विहार असेल तर मेणबत्त्या पडद्यांपासून दूर लावा आणि वंदना संपल्यावर त्या विझवण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवा.

एनओसीची प्रत मिळत नसेल तर

आधी सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डर आणि आर्किटेक्टकडे दोन्ही एनओसी आणि मंजूर नकाशे मागा. दिले नाहीत तर अग्निशमन दलाकडे आणि एसआरए किंवा म्हाडाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. माहिती 30 दिवसांत मिळायला हवी. अर्जात "प्रोव्हिजनल एनओसी, अटींसह", "अंतिम एनओसी" आणि "फॉर्म ए" असे तिन्ही कागद नावानिशी लिहा.

प्रती हाती आल्या की विहारात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये एक बैठक घ्या आणि अटी मराठीत मोठ्याने वाचा. शिकलेली तरुण मुले प्रत्येक वस्तीत आहेत, हे काम त्यांना द्या. मग यादी हातात धरून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालत जा. जी अट जागेवर दिसत नाही ती लिहून काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि चावीच्या तारखेआधी अग्निशमन दलाकडे पोहोच घेऊन द्या. आग लागलीच तर लिफ्ट वापरू नका आणि 101 वर फोन करा. हा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ असू द्या.