माका नाका? छे, माका व्हया!

मालवणी माणसाला गोव्याचं कोंकणी गाणं समजायला दुभाषा लागत नाही. पाय तर त्याच्याही आधी हलतात. गायिका लॉर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी या जोडीची साठ-सत्तरच्या दशकांतली गाणी आज 'रेट्रो' म्हणून मिरवतात. त्या ठेक्यामागच्या या काही गमती.

पिसो आणि बेबदो
ही दोन्ही लॉर्नाच्या गाजलेल्या गाण्यांची नावं. 'पिसो' म्हणजे वेडा, "पिसो झालंस काय?" हे तर मालवणात रोज कुणीतरी कुणाला तरी विचारतंच. 'बेबदो' म्हणजे आपला बेवडो. त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

कंपासपेटीवर नाच
'नाचूंया कुंपासार' हेही एक गाणं. अर्थ, चला, ठेक्यावर नाचूया. 'कुंपास' आला पोर्तुगीज 'कोंपासो'वरून. त्या भाषेत तालाच्या आवर्तनालाही कोंपासो म्हणतात आणि वर्तुळ काढायच्या कंपासलाही!

गोव्याची कोकिळा वांद्र्याची
लॉर्ना कॉर्देरोचा जन्म १९४६ चा, तोही मुंबईत, वांद्र्याला. चर्चगेटच्या 'व्हेनिस' क्लबात ती क्रिसच्या बँडबरोबर गायची. म्हणजे गोव्याला वेड लावणारा आवाज तयार झाला तो चाकरमान्यांच्या मुंबईत.

एक माणूस, दोन वाद्यं
मडगावचा क्रिस पेरी ट्रंपेट वाजवायचा आणि सॅक्सोफोनही. शब्द त्याचे, चाल त्याची. 'भुंयारांतलो मनीस' (१९७७) हा पहिला रंगीत कोंकणी चित्रपटही त्याचाच.

एकच बोट
मुंबई-पणजी बोट मालवण-वेंगुर्ल्यालाही थांबायची. आपला चाकरमानी ट्रंक सांभाळत पडावात उतरायचा, गोंयकार पुढे पणजीपर्यंत जायचा. वाट एक, समुद्र एक, बोट लागली की होणारी उलटीही एकच!

पुणतांब्याचा अण्णा आणि 'नाका'
'ईना मीना डीका' (१९५७) हे सी. रामचंद्र यांचं गाणं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र ऊर्फ अण्णा चितळकरांचं. त्यातलं 'माका नाका' त्यांचे गोवेकर सहकारी जॉन गोम्स यांनी सुचवलं, असं सांगतात. देशभर लोकांना ते निरर्थक बोल वाटले. आपल्याकडे मात्र शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक.

पडद्यावरचा चॉकलेट
हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे मुंबईच्या जॅझमधले 'चिक चॉकलेट', भारताचे लुई आर्मस्ट्राँग. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) ते बँडसकट पडद्यावर दिसतात. एरवी असे वादक पडद्यामागेच राहिले. नाव झालं ते नायकाचं आणि गायकाचं.

दुसरं पदार्पण
क्रिसपासून वेगळी झाल्यावर लॉर्नाचा आवाज दोन दशकांहून जास्त काळ गप्प होता. रॉनी मोन्सेरात यांनी तिला पुन्हा माइकपुढे आणलं आणि १९९५ मध्ये 'हॅलो लॉर्ना' हा अल्बम आला. नावही असं, की जणू फोन उचलायला कुणीतरी वीस वर्षं लावली!

लोकांच्या पैशातला सिनेमा
बार्डरॉय बार्रेटो यांचा 'नाचूंया कुंपासार' (२०१४) लोकवर्गणीतून उभा राहिला. लॉर्ना-क्रिसवरून बेतलेल्या या कथेत पात्रांची नावं डॉना आणि लॉरी. सिनेमाला तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. लॉरी साकारणारे विजय मौर्य यांनीच पुढे 'गली बॉय'चे संवाद लिहिले.

बोट आता बंद झाली. पण कोकणकन्या कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करत थेट क्रिसच्या मडगावला जाते. पुढच्या खेपेला खिडकी मिळाली, तर कानात लॉर्ना लावा. फक्त पाय आवरा. समोरच्या बाकावर कुणाची तरी आजी बसलेली असते. आणि तिनेच ठेका धरला, तर मग आवरू नका.