आपले गाव, आपली सीमा : चिंताकी



"तुमचं आजोळ कुठलं?" असे वर्गात विचारले, की कोणी उदगीर सांगतो, कोणी देवणी, कोणी नारायणखेड. एका गावातल्या मुलांची आजोळे वेगवेगळ्या राज्यांत कशी? याचे उत्तर आपल्या भूगोलात आणि इतिहासात आहे.

चिंताकी हे बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील होबळीचे गाव. पूर्वेकडे तेलंगणाची आणि उत्तर-पश्चिमेकडे महाराष्ट्राची सीमा. दक्षिणेला मांजरा नदी. ती बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर व बिदर जिल्ह्यांतून तेलंगणात जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या शिवारातले पावसाचे पाणीही अखेर गोदावरीलाच जाते. या भागातील काळ्या जमिनीत तूर, मूग, उडीद, ज्वारी, हरभरा आणि सोयाबीन पिकते. देवणी जातीची जनावरे ही आपल्या परिसराची जुनी ओळख.

15व्या शतकात बिदर ही बहामनी राज्याची राजधानी झाली. महमूद गवान यांचा मदरसा 1472 मधला. बिदरी कलेत जस्त व तांब्याच्या भांड्यावर चांदीचे नक्षीकाम करतात आणि किल्ल्यातील मातीने त्याला काळा रंग आणतात. या कलेला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात सामील झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, जहीराबाद आंध्र प्रदेशात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. 1973 मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले, 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला, 2014 मध्ये तेलंगणा. नकाशा बदलत गेला, सोयरीक मात्र तीच राहिली. म्हणून आपल्याकडे बाजारात कन्नड, घरी मराठी, आणि तेलुगू, उर्दूही ओळखीची.

यात एक काळजीची गोष्ट आहे. निजामाच्या काळात कारभार उर्दूत चाले. त्या काळचे कागद काही घरांच्या पेटीत अजून असतील, पण ते वाचणारी पिढी आता जवळजवळ संपली. शेतांची, विहिरींची, ओढ्यांची जुनी नावे तर कागदावरही नाहीत. ती फक्त आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. ती गेली, की पुन्हा कोठूनही आणता येणार नाहीत.

म्हणून येत्या सुट्टीत प्रत्येकाने एवढेच करावे : घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, आपल्या शेताचे व शेजारच्या चार शेतांची नावे विचारावीत, ती नावे का पडली तेही विचारावे आणि वहीत लिहावे. पालकांनी जुने कागद फेकू नयेत, कोरड्या जागी जपून ठेवावेत. विश्वस्त मंडळींनी या वह्यांसाठी शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट द्यावे, अशी आमची विनंती आहे.

गावाचा इतिहास लिहायला बाहेरून कोणी येणार नाही. तो आपणच लिहायचा आहे.